दुपारच्या मानकरी

उन्हाळ्यात दुपारी एक वाजून गेला की झाशीचा सीपरी बाजार एकदम गप्प होतो. सकाळी जिथे पाय ठेवायला जागा नसते, तिथे दुकानदार अर्धे शटर ओढून पंख्याखाली कलंडतात. रिक्षावाले भिंतीची सावली धरून बसतात. ज्या गरम वाऱ्याला तिकडे 'लू' म्हणतात, तो खिडक्यांच्या फटींतून घरात शिरू पाहतो. पुरुषमाणसे कामावर आणि मुले शाळा-कॉलेजात असतात. घरात उरतात त्या बायका. त्यांचा पहिला निवांत तास नेमका याच वेळी सुरू होतो.

झाशीत मराठी घरे आहेत, हे पुष्कळांना ठाऊक असते. काही घराणी पेशवाईत मराठी सुभेदारांच्या मागोमाग बुंदेलखंडात आली आणि तिथलीच झाली. काही कुटुंबे पुढे रेल्वेच्या नोकरीपायी आली. त्यांच्या बोलण्यात हिंदी आणि बुंदेली सहज मिसळलेली असते. पण सणवार, वरणभात आणि हळदीकुंकू मात्र मराठीच. अशा एखाद्या घरात दुपारी डोकावून पाहा. ओटा पुसून झालेला आहे. सासूबाई पलंगावर टेकल्या आहेत. सून हात पुसत बाहेर येते आणि टीव्ही लावते.

"आई, लागली बरं का तुमची मालिका."

"माझी एकटीची कशाला? काल कुणाचे डोळे भरून आले होते गं?"

दोघी हसतात. तेवढ्यात कॉलेजातून लवकर परतलेला मुलगा आत येतो, पडद्याकडे पाहतो आणि म्हणतो, "काय हे रडगाणं लावून बसता रोज!" सासूसुना काहीच बोलत नाहीत. फक्त टीव्हीचा आवाज थोडा कमी होतो.

हे दृश्य एका घरातले नाही. पुण्यात, नागपुरात, बेळगावात, इंदुरात, कुठेही हेच चालते. दुपारचा टीव्ही म्हणजे बायकांचा टीव्ही, आणि बायकांचा म्हणून थोडा हलका, अशी समजूत आपल्या हाडीमासी खिळली आहे. त्या मालिकांत काम करणाऱ्या नटनट्यांकडेही त्याच नजरेने पाहिले जाते. म्हणूनच एका परदेशी सोहळ्याची हकिकत आपल्या घरांतही सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत केवळ दिवसा दाखवल्या जाणाऱ्या कार्यक्रमांसाठी दरवर्षी वेगळा पुरस्कार समारंभ होतो. त्याचे नाव डेटाइम एमी.

साबणाच्या फेसातून जन्मलेली मालिका

दैनंदिन मालिकेला इंग्रजीत 'सोप ऑपेरा' म्हणतात. त्यातला 'सोप' हा खरोखरचा अंगाला आणि कपड्यांना लावायचा साबणच आहे. १९३० च्या सुमारास अमेरिकेत घरोघरी रेडिओ पोचला. साबण विकणाऱ्या कंपन्यांच्या लक्षात आले, की आपला माल विकत घेणारी बाई दिवसभर घरात असते, तिचे हात कामात असतात, पण कान मोकळे असतात. मग त्या कानांसाठी रोज पंधरा मिनिटांची, न संपणारी कथा सुरू झाली. कथेच्या आगेमागे साबणाची जाहिरात असे.

या प्रकाराची पाया घालणारी लेखिका म्हणजे इर्ना फिलिप्स. १९३० मध्ये शिकागोच्या एका रेडिओ केंद्रावर तिची पहिली मालिका सुरू झाली. १९३७ साली तिने निर्मिलेली 'गायडिंग लाइट' ही मालिका आधी रेडिओवर आणि १९५२ पासून दूरचित्रवाणीवर चालली, ती थेट सप्टेंबर २००९ पर्यंत. म्हणजे तब्बल ७२ वर्षे! आजीने ऐकलेली कथा आईने पाहिली, आईने पाहिलेली लेकीने पाहिली आणि तिच्याही लेकीने पाहिली.

कमाई मोठी होती, प्रेक्षकही मोठे होते. मान मात्र लहान होता. अमेरिकन दूरचित्रवाणीचे एमी पुरस्कार १९४९ पासून दिले जात होते. पण त्या झगमगाटात रात्रीच्या कार्यक्रमांचेच कौतुक होई. दिवसा काम करणारे कलावंत दाराशी उभ्या असलेल्या गरीब नातेवाइकांसारखे. अखेर १९७४ मध्ये दिवसाच्या कार्यक्रमांसाठी स्वतंत्र समारंभ झाला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्लाझामध्ये भरलेला तो पहिला सोहळा दाखवला गेला तोही दुपारीच. एका अर्थी ते योग्यच होते. ज्या बाईसाठी हे सारे चालले होते, ती दुपारीच तर मोकळी असे!

हा समारंभ रात्रीच्या मुख्य वेळेत यायला १९९१ साल उजाडावे लागले. दुपारच्या माणसांना रात्रीच्या पंगतीत पाट मिळायला सतरा वर्षे लागली.

वर्षभराचे काम आणि एक फीत

या पुरस्कारांचे पंच कोण, हे समजून घेण्याजोगे आहे. इथे प्रेक्षकांची मते मोजली जात नाहीत. त्याच क्षेत्रात काम करणारी माणसे निवड करतात. त्यासाठी प्रत्येक कलावंताने आपल्या वर्षभराच्या कामातले मोजके भाग किंवा प्रसंग निवडून पाठवायचे असतात. पंच ते पाहतात आणि कौल देतात.

पद्धत वरवर पाहता न्याय्य वाटते. पण दैनंदिन मालिकेचे काम कसे चालते ते आठवून पाहा. आठवड्यातून पाच दिवस नवा भाग. रोज पाठ करायची संवादांची चळत. आज लग्न, उद्या भांडण, परवा दवाखाना. नाटकासारखी महिनाभराची तालीम नाही आणि चित्रपटासारखी एकेका प्रसंगाला दिवसदिवस देण्याची चैन नाही. अशा कामातली खरी करामत म्हणजे सातत्य. अंगात कणकण असली तरी उभे राहायचे, कथेत अर्थ उरला नसला तरी तो डोळ्यांत आणायचा, आणि पुढच्या दिवशी पुन्हा तेच. हे सातत्य निवडक प्रसंगांच्या एका फितीत कसे मावणार? फितीत दिसतो तो एखादा हंबरडा, एखादी थप्पड, एखादे मरण. रोजचे निभावणे त्यात दिसत नाही.

घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला ही अडचण चटकन कळेल. तिच्या वर्षभराच्या कामातली 'फीत' काढायची म्हटली तर काय काढणार? एखादा दिवाळीचा फराळ, एखाद्या लग्नातली धावपळ. पण तीनशे पासष्ट दिवस वेळेवर पडलेली पोळी, संपायच्या आत आणलेले मीठ, न सांगता लक्षात ठेवलेली सासऱ्यांची गोळी, हे कोणत्या फितीत दाखवायचे? जे काम नीट झाले की दिसतच नाही आणि चुकले तरच दिसते, त्याला पारितोषिक कोण आणि कसे देणार?

एकोणीस वेळा बसलेली बाई

डेटाइम एमीच्या इतिहासातली सगळ्यांत गाजलेली गोष्ट अशाच एका बाईची आहे. तिचे नाव सुझन लुची. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर 'ऑल माय चिल्ड्रन' ही मालिका सुरू झाली. अ‍ॅग्नेस निक्सन या लेखिकेची ती निर्मिती. तिच्यात एरिका केन नावाची हट्टी, रूपगर्विता, सतत लग्ने करणारी आणि मोडणारी नायिका होती. ही भूमिका लुचीने सुरुवातीपासून केली. पोरसवदा एरिकेची बाई झाली, आई झाली, व्यवसाय सांभाळू लागली. लुचीही तिच्याबरोबर वाढली.

१९७८ मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या पुरस्कारासाठी तिला पहिल्यांदा नामांकन मिळाले. पुरस्कार दुसरीला गेला. पुन्हा नामांकन, पुन्हा निराशा. हे एकदा नाही, दोनदा नाही, तर सलग जुळून येऊ लागले. नटूनथटून यायचे, पहिल्या रांगांत बसायचे, कॅमेरा तोंडावर रोखलेला असताना दुसरीचे नाव ऐकायचे आणि हसून टाळ्या वाजवायच्या. पुढे पुढे तिचे हरणे हाच एक विनोद झाला. दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमांत त्यावर चुटके होऊ लागले. लुचीनेही ते मोकळेपणाने घेतले, एका जाहिरातीत तर स्वतःच स्वतःच्या हरण्याची थट्टा केली. दुसऱ्यांनी हसण्याआधी आपणच हसून घ्यायचे, हा शहाणपणा आपल्याकडच्या बायकांनाही चांगला ठाऊक असतो.

मग आली २१ मे १९९९ ची रात्र. स्थळ न्यूयॉर्क. नाव वाचायला शेमार मूर हा तरुण नट मंचावर आला होता. हे तिचे एकोणिसावे नामांकन. त्याने पाकीट उघडले आणि आधी एवढेच जाहीर केले, की ती मालिका आता संपली. कोणती मालिका, हे सांगायची गरज नव्हती. पराभवांची मालिका! सुझन लुचीचे नाव उच्चारायच्या आत सभागृह उभे राहिले होते. टाळ्या थांबेनात. तिच्याशी स्पर्धेत हरलेल्या अभिनेत्रीही उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

भाषणाच्या अखेरीस तिने सांगितले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. सोमवारी आपण पुन्हा स्टुडिओत जाणार आणि एरिका केन मनापासून साकारणार, असे ती म्हणाली. तो शुक्रवार होता. म्हणजे मधे उरले होते शनिवार आणि रविवार. एकवीस वर्षे वाट पाहून मिळालेला पुरस्कार घरी ठेवायचा आणि सोमवारी कामावर हजर व्हायचे.

यातला खरा मुद्दा पुरस्काराचा नाही, सोमवारचा आहे. अठरा वेळा हरूनही ती दर सोमवारी कामाला गेली होती, म्हणून एकोणिसाव्या वेळी लोक उभे राहिले. पंचांना जे फितीत दिसले नव्हते, ते सभागृहाने एवढी वर्षे प्रत्यक्ष पाहिले होते.

आपली दुपार

आपल्याकडे दुपारचा टीव्ही फार उशिरा आला. दूरदर्शन मुळात संध्याकाळचे पाहुणे होते. 'हम लोग' ही १९८४ ची मालिका आपल्याकडच्या मालिकांची थोरली बहीण. तिच्यामागची कल्पना तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे मेक्सिकोच्या भेटीहून घेऊन आले होते. तीही संध्याकाळी सारे कुटुंब जमल्यावर लागायची. राष्ट्रीय प्रक्षेपण दुपारी सुरू झाले ते १९८९ च्या जानेवारीत.

दुपारला खरी जाग आली १९९४ मध्ये. मंदिरा बेदीची 'शांती' लागली आणि घरोघरच्या कामांचे वेळापत्रकच बदलले. ही नायिका पत्रकार होती, प्रश्न विचारत होती. पुढच्या वर्षी महेश भट्ट यांचे दिग्दर्शन आणि शोभा डे यांचे लेखन लाभलेली 'स्वाभिमान' आली. मराठीत पहिली दैनंदिन मालिका म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती सह्याद्री वाहिनीवरची 'दामिनी'ही दुपारचीच. तिच्यात प्रतीक्षा लोणकर यांनी रंगवलेली नायिकाही पत्रकारच! दुपारी घरात असणाऱ्या बाईला पडद्यावर पाहायला आवडली ती घराबाहेर पडून जाब विचारणारी बाई. हे कुणा समाजशास्त्रज्ञाने सांगायला नको.

२००० नंतर खासगी वाहिन्यांच्या सासूसुनांनी रात्रीची वेळ व्यापली. तरी २००२ ते २००९ या काळात 'कुमकुम' या हिंदी मालिकेने दुपार धरून ठेवली होती. मग बहुतेक वाहिन्यांनी दुपार म्हणजे रात्रीच्या भागांचे पुनःप्रक्षेपण, असे ठरवून टाकले. जणू दुपारच्या प्रेक्षकाला शिळेच चालते! २०१७ मध्ये स्टार प्लसने दुपारी नव्या मालिकांचा पट्टा सुरू केला, पण तो फार टिकला नाही. मराठीत मात्र स्टार प्रवाहने २०२२ मध्ये 'मुरांबा' ही मालिका दुपारी दीड वाजता लावली आणि ताज्या अन्नाला दुपारीही भूक असते, हे दाखवून दिले.

सर्वोत्कृष्ट सासू कोण?

पुरस्कारांच्या बाबतीतही आपण मागे राहिलो नाही. हिंदी मालिकांसाठी इंडियन टेली आणि आयटीए हे दोन्ही पुरस्कार २००१ पासून सुरू झाले. मराठी वाहिन्यांचे स्वतःचे वार्षिक सोहळे असतात. झी मराठीचा 'उत्सव नात्यांचा' आहे, स्टार प्रवाहचा परिवार पुरस्कार आहे. महिनाभर आधीपासून मते मागितली जातात आणि सोहळ्याची रात्र नाच, विनोद आणि भरजरी साड्यांनी रंगते.

इथे एक मजेशीर फरक दिसतो. डेटाइम एमीमध्ये अभिनय, लेखन, दिग्दर्शन, वेशभूषा, संकलन अशा कामांना बक्षिसे असतात. आपल्याकडे कामांबरोबर नात्यांनाही असतात. सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट सून, सर्वोत्कृष्ट आई, सर्वोत्कृष्ट भावंडे आणि सर्वोत्कृष्ट कुटुंबसुद्धा! पाश्चात्त्य माणसाला हे ऐकून हसू येईल. पण प्रेक्षक त्या नटीकडे नटी म्हणून पाहतच नाही, घरातली म्हणून पाहतो, हे वाहिन्यांनी बरोबर ओळखले आहे.

अर्थात याला दुसरी बाजूही आहे. वाहिनीने आपल्याच मालिकांना, आपल्याच मंचावर, आपल्याच वेळेत पुरस्कार द्यायचे, ही घरच्या घरी वाटलेली साखर आहे. गोड लागते, पण तिला कसोटी म्हणता येत नाही. शिवाय चांगल्या सुनेचे जे माप या मंचावर लावले जाते, तेच नकळत घरातही येते. सोसते ती चांगली, बोलते ती वाईट, हा हिशेब पडद्यावर शोभून दिसला म्हणून घरात लावायचा का? पाहणाऱ्या सासूसुनांनी जाहिरातींच्या वेळात एकमेकींशी यावर बोलायला हरकत नाही.

याच वाहिन्यांनी एक चांगली गोष्टही केली, तिची नोंद घ्यायला हवी. झी मराठीवर २००४ मध्ये 'होम मिनिस्टर' सुरू झाले. आदेश बांदेकर भावोजी बनून घरोघर गेले, वहिनींना बोलते केले आणि जिंकणाऱ्या वहिनीला पैठणी नेसवली. २०२२ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षे हा कार्यक्रम चालला. खेळ साधेच होते. पण जिने आयुष्यभर पडद्याकडे पाहिले, ती पहिल्यांदा पडद्यावर आली. नवऱ्याने चारचौघांत तिच्याबद्दल दोन शब्द बोलावेत, असा आग्रह तिथे धरला जाई. पुष्कळ घरांत ते दोन शब्द पैठणीहून महाग होते.

ओसरती दुपार

ज्या अमेरिकेत दुपारला एवढा मान मिळाला, तिथेच ती दुपार आता ओसरली आहे. कारणे अनेक. बायका मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या. १९९५ मध्ये ओ. जे. सिम्पसन खटल्याच्या थेट प्रक्षेपणाने महिनोन्‌महिने दुपारच्या मालिका मागे ढकलल्या आणि तुटलेली सवय पुन्हा पूर्वीसारखी जुळली नाही. गप्पांचे आणि पाककृतींचे कार्यक्रम मालिकांपेक्षा स्वस्तात होऊ लागले. २००९ मध्ये 'गायडिंग लाइट' मालवली, २०१० मध्ये 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' थांबली, आणि २३ सप्टेंबर २०११ रोजी 'ऑल माय चिल्ड्रन'ने एबीसीचा निरोप घेतला. एकेचाळीस वर्षे एरिका केन होऊन जगलेल्या सुझन लुचीचा सोमवारही संपला. २०१२ पर्यंत जुन्या मोठ्या मालिकांपैकी चारच उरल्या होत्या. त्यांतली 'डेज ऑफ अवर लाइव्ह्‌ज' २०२२ मध्ये टीव्हीवरून इंटरनेटवर गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत 'बियॉन्ड द गेट्स' ही नवी दैनंदिन मालिका सुरू झाली, तेव्हा तिचे अप्रूप वाटले ते याचमुळे.

पुरस्कारांनाही याची झळ लागली. काही वर्षे तर या सोहळ्याला टीव्हीवर जागाच मिळाली नाही. २०२२ पासून पारितोषिकांची वाटणी प्रक्षेपणाच्या वेळेवरून नव्हे, तर कार्यक्रमाच्या प्रकारावरून होऊ लागली. हवे ते, हवे तेव्हा पाहण्याच्या दिवसांत दुपार कुणाची आणि रात्र कुणाची? नाव मात्र डेटाइमच राहिले. डिसेंबर २०२३ मध्ये या पुरस्कारांचा पन्नासावा सोहळा झाला. त्यात सुझन लुचीला जीवनगौरव देण्यात आला. एक भूमिका चाळीस वर्षे निभावल्याबद्दलचा तो मान होता. जी गोष्ट निवडक प्रसंगांच्या फितीत मावली नव्हती, तिला अखेर नाव मिळाले.

घरातला सोहळा

आता पुन्हा सीपरी बाजाराकडे वळू या. तिथल्या टेकडीवर हॉकीचे जादूगार ध्यानचंद यांचा पुतळा आहे. १९२८, १९३२ आणि १९३६ अशा तीन ऑलिंपिकांत भारताला सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या या झाशीकराचा मान यथायोग्यच आहे. मैदानावरच्या कर्तृत्वाचा पुतळा उभारता येतो. किल्ल्यावर लढलेल्या राणीचाही उभारता येतो. दुपारी ओटा पुसून पलंगाच्या कडेला टेकलेल्या बाईचा पुतळा कुणी उभारत नाही, आणि तिची तशी अपेक्षाही नसते.

पण याच झाशीत, पुतळ्यांच्या फार आधी, बायकांचा एक सोहळा होत असे. विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास'मध्ये राणी लक्ष्मीबाईंच्या वाड्यातल्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे वर्णन केले आहे. लढाईच्या त्या धामधुमीच्या काळातही राणीने गावातल्या बायकांना वाड्यात बोलावून त्यांचा मान केला. हळदीकुंकवात पहिली कोण आणि दुसरी कोण, असे नसते. पंच नसतात, फीत नसते. येईल तिच्या हातावर अत्तर, ओटीत हरभरे आणि पुढ्यात पन्हे. अर्थात या चालीत एक मोठी उणीव होती. विधवांना तिथे बोलावणे नसे. एकटीच्या बळावर संसार ओढणाऱ्या, खऱ्या मानकरी असलेल्या बाईलाच त्या पंगतीतून वगळले जाई. आज पुष्कळ ठिकाणी सर्वांना बोलावून ही चूक सुधारली जाते. जिथे अजून सुधारली नसेल, तिथे येत्या चैत्रात सुधारावी.

आणि उरलेले अकरा महिने काय? त्यासाठी मंचही नको आणि पैठणीही नको. दुपारचा तास हा घरातल्या बाईने कष्टाने कमावलेला तास आहे, एवढे घरच्यांनी मानले तरी पुरे. त्या तासात तिला चहा मागू नये, रिमोट मागू नये, तिच्या मालिकेला नाव ठेवू नये. मालिका भिकार असेलही. तिला ते आपल्याहून आधी कळलेले असते. ती कथेसाठी बसते तशीच स्वतःसाठीही बसते. महिन्यातून एखाद्या वेळी नवऱ्याने किंवा मुलाने तिच्या रोजच्या कामातली एक न दिसणारी गोष्ट हेरून तिला तसे बोलून दाखवावे. 'आई, बाबांची गोळी तू एकदाही विसरली नाहीस,' एवढे एक वाक्य. हा पुरस्कार द्यायला एकवीस वर्षे लावायचे कारण नाही.

सीपरी बाजारातल्या त्या घरातला मुलगा जेवण आटोपून ताट उचलतो, स्वतःच घासतो आणि आजीच्या पायाशी येऊन बसतो. पडद्यावर कोणीतरी रडत असते.

"आजी, ही का रडतेय?"

"मोठी गोष्ट आहे रे. सांगू का?"

"सांग ना."

सून टीव्हीचा आवाज पुन्हा थोडा वाढवते.